लग्न नाही, कॉन्व्हेंटही नाही

"मॅडम, आमच्या चर्चमध्ये जोडप्यांसाठी प्रार्थना होते, फादर-सिस्टरांच्या पाचारणासाठी, म्हणजे देवाच्या हाकेसाठी होते. माझ्यासाठी कुठली?"

बोरिवलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसल्या बसल्या तिने हे विचारलं. तिला मर्सी म्हणू. तिच्या परवानगीने लिहितेय, नाव आणि काही तपशील बदललेत. गोराईची ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातली मुलगी, वय ३८, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. वडील लवकर गेले, मग दोन भावांची लग्नं हिच्या पगारावर झाली. हिची स्थळं येत-जात राहिली. चोविसाव्या वर्षी दोन आठवडे कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टरांच्या मठात राहून परत आली. "सगळं आवडलं, पण मला माझी लॅब हवी होती," एवढंच कारण.

आता गावात कुणाच्या लग्नाचं 'उंबराचं पाणी' आणायचं असलं, बायका वाजतगाजत विहिरीवर निघाल्या, की वाटेत कुणीतरी हमखास विचारतं, "देवाची एवढी ओढ होती तर सिस्टर का नाही झालीस?" आणि घरी आईचं एकच, "बाय, माझ्यामागे तुला पाणी कोण देईल?"

मीही कॅथलिक, त्यामुळे उत्तर तयारच होतं, आणि तिथेच मी चुकले. पहिल्याच भेटीत तिला व्रतस्थ कुमारिकांबद्दल सांगून टाकलं. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतली ती प्रथा १९७० च्या नव्या विधीने पुन्हा सुरू झाली. बिशप स्त्रीचा देवासाठी आजन्म अविवाहित राहण्याचा संकल्प स्वीकारतात, ती स्वतःच्या घरी राहते, नोकरी करते, गणवेश नाही. शिवाय १९४७ मध्ये पोप पायस बारावे यांनी मान्यता दिलेल्या सेक्युलर इन्स्टिट्यूट आहेत. तिथेही लोक व्रत घेऊन जगातच राहतात. मर्सीने सगळं वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात म्हणाली, "मॅडम, चांगलंय. पण आधी नवऱ्याच्या रांगेत उभी होते, मग कॉन्व्हेंटच्या. आता बिशपच्या रांगेत उभी राहू?"

मी गप्प बसले. मग विचारलं, "घरात तुझं स्वतःचं काय आहे?"

बराच वेळ ती बोलली नाही. एक खोली थोरल्याची, एक धाकट्याची. ही आईबरोबर हॉलमध्ये झोपते. कपडे दोन बॅगांत आणि आईच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात. पंधरा वर्षं कमावतेय. "कपाट घेतलं नाही. लग्न झालं तर न्यायचं कसं, नाही झालं तर ठेवायचं कुठे?" आणि मग ती रडली, मूल हवं होतं म्हणून. हे तिने कुणालाच, फादरांपुढच्या पापनिवेदनातसुद्धा, सांगितलं नव्हतं. त्यात पाप काय, हे खरंच.

अविवाहित असणं आपोआप व्रत होत नाही. त्याला पाचारण म्हणावं का, यावर फादरांचंही एकमत नसतं. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १६५८ व्या परिच्छेदात मात्र परिस्थितीमुळे, बहुतेकदा स्वतः न निवडता, एकटे राहिलेल्यांचा उल्लेख आहे. ते येशूच्या हृदयाच्या विशेष जवळ आहेत आणि सगळ्या घरांची दारं त्यांना उघडी हवीत, असं तिथे म्हटलंय. मर्सीला 'न निवडता' हे शब्द लागले, पण बरेही वाटले. निदान तिचं दुःख कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

तिला भावले ते संत ज्युसेप्पे मोस्काती. इटलीतल्या नेपल्सचे डॉक्टर, अविवाहित, पण फादरही नाहीत. रोज चर्चमध्ये मिस्साची उपासना, मग हॉस्पिटल, गरिबांकडून पैसे नाहीत. १९२७ मध्ये वारले, १९८७ मध्ये संत झाले. घरात बहीण नीना असायची. हे ऐकून आई लगेच म्हणाली, "बघ, त्याला पाणी द्यायला बहीण होती!"

आईला मी हसून सोडून दिलं नाही. तिची काळजी खरी होती. भावांना बोलावलं. घरातला मर्सीचा हिस्सा, मेडिक्लेम, नॉमिनी कोण, हे सगळं कागदावर आणलं. थोरला आधी फुगला, मग म्हणाला, "ताईने कधी मागितलंच नाही." व्रताची घाई नको, एवढंच मी मर्सीला सांगितलं. एखाद्या जाणत्या फादरांशी वर्षभर बोल, वाटलं तर एका वर्षापुरतं वचन दे, आयुष्यभराचं नंतर बघू.

गेल्या महिन्यात तिने लोखंडी कपाट घेतलं. खाडीवरच्या बोटीतून ते जाईना, म्हणून टेम्पो भाईंदरकडून वळसा घालून गोराईला आला. भाड्यावरून भावांची कुरकुर झाली, पण हॉलच्या भिंतीला कपाट त्यांनीच लावून दिलं. आईने तिच्या लग्नासाठी ठेवलेलं लुगडं काढून विचारलं, "हे यात ठेवू?"

मर्सीने वरचा कप्पा रिकामा करून दिला. वचन अजून दिलेलं नाही. महिन्यातून एकदा फादरांकडे जाते.