आर (R) या प्रोग्रामिंग भाषेत लिस्टमधून अनेक घटक एकदम कसे काढायचे? फॉर लूप लावला की काही राहूनच जातात.

लूप लावलात तिथेच घोळ झाला. तिसरा घटक उडवला की चौथा सरकून तिसऱ्या जागी येतो, आणि लूप तोवर चारवर गेलेला असतो. एक सुटलाच. शेवटाकडून पहिल्याकडे फिरवलात तर सुटणार नाही, पण मुळात लूप हवाय कशाला? नको असलेल्यांचे क्रमांक एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे मूल्यांच्या एका रांगेत घ्या, लिस्टच्या एकेरी चौकटी कंसात घाला आणि त्याला नल (NULL, म्हणजे 'काहीच नाही') असाइन करा. एका ओळीचं काम.

आता कुणीतरी येऊन सांगेलच की 'उणे व्हिच' वापरा, सोपं पडतं: व्हिच (which) अटीत बसणाऱ्यांचे क्रमांक देतं, उणे लावलं की तेवढे वगळले जातात. नका वापरू. त्या उणे चिन्हाने माझं एक अप्रेझल खाल्लंय.

अंधेरीच्या एका कन्सल्टन्सीत होतो. मुंबईतल्या पर्जन्यमापक केंद्रांची लिस्ट होती, एका केंद्राचा एक घटक, आत रोजचा पाऊस. आमच्या सरांनी एक ओळ लिहून ठेवलेली. ज्या केंद्राची कमाल नोंद ५०० मिमीच्या वर, त्याचं यंत्र बिघडलेलं समजायचं, व्हिचने त्याचा क्रमांक काढायचा आणि उणे करून उडवायचा. दर वेळी एकच केंद्र उडायचं. सांताक्रूझ.

मी म्हटलं, सर, यंत्र ठीक आहे, तो २६ जुलै २००५ आहे. ९४४ मिमी. सर पुण्याचे. म्हणाले, "फाईलमध्ये तर २७ तारीख दिसतेय." अहो, वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, २६ चा पाऊस २७ च्याच रकान्यात जाणार! मग त्यांनी हुकमाचं पान काढलं: "त्याच दिवशी कुलाब्याला पंच्याहत्तरसुद्धा नाही, ते कसं?" नव्हताच कुलाब्याला. मी तेव्हा नववीत होतो, कुर्ल्याला राहायचो. मिठी नदीचं पाणी स्वयंपाकाच्या ओट्याला लागलं तेव्हा आईने शेगडी पोटमाळ्यावर चढवली आणि पाठोपाठ आम्हाला. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. बिघडलेलं यंत्र म्हणे.

शेवटी सर वैतागून म्हणाले, कर तुला काय करायचं ते. मी ५०० चे १००० केले. आता अटीत एकही केंद्र बसेना, त्यामुळे व्हिचने रिकामा व्हेक्टर दिला. रिकाम्याला उणे लावलं तरी ते रिकामंच. आणि कंसात रिकामा व्हेक्टर गेला की आर समजतं, याला एकही घटक नकोय. काही काढायचं नव्हतं, तर सगळंच गेलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. सकाळी क्लायंटपुढे रिपोर्ट उघडला तर पानापानावर नुसते मथळे.

सर सगळ्यांदेखत म्हणाले, "मर्यादा बदलायचा हट्ट कुणाचा होता?" माझाच होता. गप्प बसलो, कारण तेव्हा मलाही कारण कळलं नव्हतं. कळलं ते रात्री घरी जाताना, लोकलमध्ये दारात उभं असताना. सर, कधी वाचलंत तर: बग तुमच्या ओळीत होता. सांताक्रूझ दर वेळी बळी जात होतं, म्हणून तो झाकलेला राहिला.

तेव्हा काय काढायचं ते सांगत बसू नका, काय ठेवायचं ते सांगा. व्हिच वापरायचंच तर उण्याशिवाय वापरा, ठेवायच्या घटकांसाठी. उत्तर रिकामं आलं तर लिस्ट रिकामी होणं बरोबरच आहे.

एक गोष्ट मात्र सरांच्या बाजूने. केंद्राच्या नोंदींत एखादी जरी एनए (NA, म्हणजे नोंदच नाही) असली तर कमाल काढणारं मॅक्सही (max) एनए देतं, आणि व्हिच एनए गाळतं. त्यांच्या पद्धतीत असं केंद्र टिकायचं, माझ्या पद्धतीत ते गुपचूप गळतं. म्हणून मॅक्सला एनए वगळायला सांगा. व्हिचशिवाय नुसतं खरं-खोटं कंसात दिलंत तर एनएच्या जागी नलचा एक भुताटकी घटक उगवतो, तोही नको.

आणि हो, नल असाइन केलं की कप्पाच नाहीसा होतो. कप्पा ठेवून आत नल हवा असेल तर एकेरी कंसात लिस्टमध्ये गुंडाळलेला नल द्या. तुम्ही कुठल्या अटीवर घटक काढताय ते प्रश्नात लिहिलेलंच नाही. लिहा, मग बघू.