काळा पडदा : कधी येतो, कधी नाही

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. संगणक सुरू केला की मिंटचं चिन्ह दिसतं, आणि मग कधी लॉगिनचा पडदा येतो तर कधी नुसता काळोख. माऊसचा बाणही नाही. बटण दाबून धरून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. बहुतेक वेळा मग येतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तेव्हापासून हे चाललंय. सिस्टिम नव्याने टाकूनही पाहिली. ग्राफिक्स इंटेलचं, वेगळं कार्ड नाही. एसएसडी सदोष असेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य एसएसडीचंच आहे, पण संशयाची दिशा चुकली. डिस्क बिघडली असती तर फाइली गहाळ झाल्या असत्या, सिस्टिम मध्येच अडकली असती. ‘पुन्हा चालू केलं की ठीक’ हे लक्षण बहुधा शर्यतीचं असतं, म्हणजे दोन कामांपैकी कोणतं आधी संपेल याचा नेम नसतो.

संगणक सुरू होताना सिस्टिमडी (बाकीचे कार्यक्रम सुरू करून देणारा कार्यक्रम) बरीच कामं एकदम सोडतो. एकीकडे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘आय९१५’ हा इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर चढवत असतो. दुसरीकडे लॉगिनचा पडदा दाखवणारा लाइटडीएम उठतो आणि पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्सऑर्गला हाक मारतो. एक्सऑर्गला चित्र काढायला ग्राफिक्सचं उपकरण लागतं. हार्ड डिस्क होती तेव्हा लाइटडीएमच्या फाइली वाचून होईपर्यंत ड्रायव्हर निवांत तयार असायचा. एसएसडीवर लाइटडीएम कधी कधी आधीच पोचतो. उपकरण सापडत नाही, एक्सऑर्ग माघार घेतो आणि पडदा काळाच राहतो. सिस्टिम नव्याने टाकून फरक पडला नाही, कारण तेच कार्यक्रम तशाच शर्यतीत पुन्हा उतरले.

हे माझं अनुमान झालं. खात्री तुम्हीच करा. पुढच्या वेळी काळोख झाला की पॉवरच्या बटणाला हात लावू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकदम दाबा. नाही जमलं तर एफ३. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागितलं, तर संगणक ठणठणीत आहे, फक्त चित्र अडलंय. तिथे लॉगिन करून ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम’ ही आज्ञा द्या. (आज्ञा इथे देवनागरीत छापतो, टाइप करताना छोटी रोमन अक्षरं.) नेहमीचा पडदा लगेच उमटला तर ड्रायव्हर उशिरा आला होता, हे जवळजवळ सिद्धच झालं. मात्र अक्षरंही आली नाहीत आणि कॅप्स लॉक दाबून कीबोर्डचा दिवाही लागत नसेल, तर कर्नलच गोठलाय. तो आजार वेगळा. मग ग्रबच्या (संगणक सुरू होताना सिस्टिम निवडू देणाऱ्या कार्यक्रमाच्या) यादीतून आधीच्या आवृत्तीचा कर्नल निवडून पाहा.

पुरावा हवा असेल तर नोंदी वाचा, पण योग्य सुरुवातीच्या. इथे अनेकजण फसतात. काळोख झाला, संगणक पुन्हा चालू केला आणि मग नोंदी उघडल्या, तर समोर येते ती यशस्वी सुरुवातीची हकिगत. तिच्यात दोष कुठून सापडणार? नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेपुढे ‘-बी -१’ लावा, म्हणजे आधीच्या सुरुवातीच्या नोंदी मिळतील. लाइटडीएमच्या स्वतःच्या नोंदी ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लॉग’मध्ये त्याच्याच नावाच्या फोल्डरात असतात. तिथल्या एक्सऑर्गच्या नोंदीत ‘नो स्क्रीन्स फाउंड’ दिसलं, की चोर सापडला.

आता उपाय. ‘ईटीसी’ या सिस्टिमच्या फोल्डरातल्या ‘लाइटडीएम’ फोल्डरात ‘लाइटडीएम.कॉन्फ’ ही फाइल उघडा, नसेल तर बनवा. चौकटी कंसातल्या ‘लाइटडीएम’ या शीर्षकाखाली (इथे मात्र एल, डी आणि एम मोठी अक्षरं) एक ओळ लिहा : ‘लॉगइनडी-चेक-ग्राफिकल=ट्रू’. मग ग्राफिक्स तयार असल्याचं लॉगइनडी (लॉगिन सांभाळणारा सिस्टिमडीचा भाग) सांगेपर्यंत लाइटडीएम थांबतो. एवढ्याने भागलं नाही तर ड्रायव्हरलाच लवकर उठवा. ‘ईटीसी’तल्या ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’मध्ये ‘मॉड्यूल्स’ नावाची फाइल आहे. तिच्यात ‘आय९१५’ लिहून ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. ड्रायव्हर मग मुख्य डिस्क जोडली जाण्याआधीच चढतो.

दोन सल्ले तुम्हाला कुणीतरी हमखास देईल. पहिला, लाइटडीएमच्या आधी पाच सेकंदांची झोप घाला. काम भागतं, पण ते मला पटत नाही. आज पाच पुरतील, एखाद्या अद्ययावतीनंतर सहा लागतील. दुसरा, ‘नोमोडसेट’, म्हणजे ग्राफिक्सचा खास ड्रायव्हर वापरू नकोस असं कर्नलला सुरुवातीलाच सांगणं. अडकलेल्या संगणकात एकदा शिरण्यासाठी ते ठीक. कायम ठेवलंत तर इंटेलचा ड्रायव्हर नीट कामच करणार नाही आणि तुम्ही फिकट, संथ पडद्याला नशीब समजून बसाल.

वेग वाढला म्हणून लॉगिन अडण्याचा प्रकार थेट कर्नलमध्येही झालाय. २०१९मध्ये ५.३ आवृत्तीच्या तयारीत ईएक्सटी४चं (डिस्कवर फाइली मांडण्याच्या लिनक्सच्या पद्धतीचं) डिस्क-वाचन कमी करणारी एक चांगली सुधारणा आली. पण डिस्कची हालचाल घटल्यामुळे यादृच्छिक (आधी ओळखता न येणाऱ्या) अंकांसाठी लागणारी सामग्री वेळेत जमेना आणि काही संगणकांवर त्या अंकांची वाट बघत लॉगिनचा पडदा अडून राहिला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती सुधारणा तात्पुरती मागे घेतली. ५.४मध्ये कर्नल ती सामग्री स्वतःच तयार करू लागला. तुमचा कर्नल त्यानंतरचा असेल तर या कारणाचा विचार सोडा.

प्रश्न : माझ्याकडे लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप आहे. टीव्ही एचडीएमआयने जोडलेला असला की लॉगिनच्या वेळी मॉनिटर रिकामा दिसतो. टीव्हीची तार काढली की सगळं व्यवस्थित. आत शिरल्यावर मॉनिटर मुख्य म्हणून निवडलेला आहे, तरी?

उत्तर : तुमचा लॉगिनचा पडदा टीव्हीवर उमटतोय. टीव्ही बंद असला तरी बरेचसे टीव्ही तारेवरून ‘मी आहे’ असं सांगत राहतात. मॉनिटरला मुख्य करण्याची तुमची निवड तुमच्या होम फोल्डरात, ‘.कॉन्फिग’मधल्या ‘मॉनिटर्स.एक्सएमएल’ या फाइलीत साठते. लॉगिनचा पडदा मात्र वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, तो तुमची फाइल कशाला बघेल? तोवर एंटर दाबून नाव निवडा, पासवर्ड न बघता टाइप करा, पुन्हा एंटर, आत शिराल. एकापेक्षा जास्त खाती असतील तर हे अंदाजाने करावं लागेल, म्हणून तेव्हा तार काढलेलीच बरी. कायमचा उपाय हवा असेल तर मॉनिटर आणि टीव्ही यांच्या तारांची ग्राफिक्स कार्डावरची जागा अदलाबदल करून पाहा. कधी कधी तेवढ्यानेच क्रम बदलतो, आणि फाइलींना हात लावावा लागत नाही.