पावसात रेंज का जाते? टॉवरविषयी तुमचे प्रश्न

मागच्या अंकात टॉवर आणि रेंजविषयी प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर एवढे आले की सगळे छापायला जागा नाही. मी स्वतः बरीच वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात टॉवर मेंटेनन्सचं काम केलंय, म्हणून हे प्रश्न मला परके नाहीत. पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा घेतोय, कारण तशी पत्रं सगळ्यात जास्त आली.

प्रश्न : आमचं गाव गगनबावडा तालुक्यात आहे. पावसाळ्यात लाईट गेली की दोन-तीन तासांत रेंज जाते, कधीकधी लाईट असूनपण रेंज नसते. मागं वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा १०८ ला फोन लावायला मुलगा पावसात गाडीवरनं दोन किलोमीटर वर चढावर गेला. रिचार्ज मात्र आम्ही शहराएवढाच मारतो. असं का?

ताई, तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं. आधी एक कामाची गोष्ट सांगतो, मोबाईलवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं दिसत असेल तर ११२ लावून बघा, तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची तिथं पोचत असली तर तो कॉल तिच्यावरनं जाऊ शकतो. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा.

आता लाईटचं. टॉवरची मशीनं ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. लाईट असली की रेक्टिफायर, म्हणजे एसी करंटचा डीसी करणारा डबा, मशीनं चालवतो आणि बॅटऱ्यापण चार्ज करतो, लाईट गेली की सगळा भार बॅटरीवर. बॅटरी नवी असली तर तीन-चार तास ओढते, पण तुमच्याकडं आषाढ-श्रावणात लाईट दिवसातनं किती वेळा जाते-येते हे तुम्हाला माहीतच आहे, बॅटरी पुरती भरायच्या आत परत रिकामी होते आणि लेड-ॲसिडच्या बॅटरीला यापेक्षा वाईट काही नाही, ती लवकर म्हातारी होते आणि मग अर्ध्या तासात मान टाकते. नवीन लिथियमच्या बॅटऱ्या हे जास्त सोसतात, पण त्या आधी शहरात आणि हायवेला बसल्या.

बॅटरी संपली की जनरेटर. तो ताशी दोन-अडीच लिटर डिझेल खातो. म्हणजे दोन दिवस लाईट नसली तर शंभरेक लिटर डिझेल त्या टेकडीवर कुणीतरी नेऊन ओतायचं. माझ्याकडं एका वेळी ३४ साईट, म्हणजे टॉवरच्या जागा, होत्या आणि माणूस मी एकटा. रस्त्यात झाड पडलेलं, कॅन खांद्यावर, आणि वर पोचेपर्यंत दुसऱ्या दोन साईट डाऊन झाल्याचा फोन आलेला. डिझेलची चोरी व्हायची, बॅटऱ्यांची व्हायची, एकदा तर तांब्याची केबल कापून नेलेली आणि त्या गावाला चार दिवस रेंज नव्हती.

लाईट असूनपण रेंज नसते त्याचं कारण वेगळं. तुमचा टॉवर एकटा काही करत नाही, तुमचा कॉल त्याला पुढं पाठवावा लागतो. शहरात जमिनीतनं फायबर गेलंय, घाटात मात्र एका टॉवरवरनं दुसऱ्या टॉवरवर मायक्रोवेव्हनं, ते ढोलासारखे पांढरे डिश बघितले असतील बघा. ही साखळी असते, आठ-दहा टॉवर एकामागं एक लटकलेले, मधला एक बंद पडला की त्याच्या मागचे सगळे गेले. त्यात दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी जोराच्या पावसात थेंबांमुळं विरतात, आणि गगनबावड्याचा पाऊस काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. मधल्या टॉवरला दुसरीकडनं एक जादा लिंक दिली तर यातला बराच त्रास कमी होतो. ते करता येतं, फक्त पैसे लागतात.

पैशाचंच बोलायचं तर २०२२ च्या ५जी लिलावात कंपन्यांनी नुसत्या लहरींसाठी (स्पेक्ट्रमसाठी) १,५०,१७३ कोटींच्या बोली लावल्या आणि एका गिऱ्हाईकामागं महिन्याला मिळतात दोनशे-अडीचशे रुपये. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या टॉवरखाली हजारो मोबाईल, तुमच्याखाली दीड-दोनशे, खर्च मात्र तुमच्या टॉवरलाच जास्त. हे मला कळतं. पण म्हणूनच तर कंपन्यांच्या उत्पन्नातले पाच टक्के सरकार खेड्यांसाठीच्या निधीत घेतं, आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी. २०२२ च्या जुलैत केंद्रानं ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. टॉवर उभे राहतात, गाव 'कव्हर' झालं म्हणून नोंद होते, पण तो टॉवर पावसाळ्यात किती तास चालू होता हे गावाला कुणी सांगत नाही, आणि माझं भांडण इथंच आहे.

ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियम घालणारी सरकारी संस्था, तिच्या २००९ च्या नियमावलीत होतं की महिन्यात २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलेले टॉवर दोन टक्क्यांच्या आत पाहिजेत, आणि हा हिशोब अख्ख्या सर्कलचा, म्हणजे आपल्यासाठी मुंबई सोडून महाराष्ट्र आणि गोवा. शंभरातले दोन टॉवर बंद राहिले तरी कंपनी पास. ते दोन कुठले असणार? कोल्हापुरातल्या शाहूपुरीतले तर नक्कीच नाहीत! २०२४ ला नवी नियमावली आली, त्यात जिल्ह्याच्या पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर गिऱ्हाईकाला भरपाई द्यायची असं आहे, चांगलंच आहे, पण नैसर्गिक आपत्ती त्यातनं वगळलीय आणि एकट्या तुमच्या गावाचा टॉवर तीन दिवस बंद राहिला तर त्यात धरतच नाहीत. गाववार हिशोब लागला पाहिजे, टॉवरवार लागला पाहिजे, तो ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावायला पाहिजे.

तोवर एवढं करा. रेंज गेली की दरवेळी, रेंज आल्यावर का होईना, कंपनीच्या १९८ या तक्रार नंबरला तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) वहीत लिहा, कधी गेली कधी आली तेपण लिहा. गावातल्या वीस जणांनी असं केलं की कंपनीच्या सिस्टीममध्ये ती साईट लाल दिसायला लागते. तिथं नाही ऐकलं तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं जायचं. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी घेत नाही, त्यांना पत्र लिहीत बसू नका.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात ऐन वेळी मोबाईल बंद पडले. टॉवर तर उंच असतो, तो बुडतो कसा?

टॉवर बुडत नाही दादा, त्याचा पाया बुडतो. अँटेना चाळीस मीटरवर पण बॅटरी, रेक्टिफायर, जनरेटर सगळं जमिनीपासनं चार-पाच फुटांच्या आत. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पाणी ५५ च्या पुढं गेलेलं. त्यात पाण्यात करंट उतरू नये म्हणून आधीच लाईट बंद करतात, ते बरोबरच आहे, पण मग कोरड्या जागेतले टॉवरपण डिझेलवर येतात आणि शिरोलीजवळ हायवे बंद, डिझेल येणार कुठनं. २०१९ ला आम्ही कॅन घेऊन बोटीतनं गेलो, त्या बोटीत परतताना माणसं आणायची होती म्हणून दोनच कॅन घेऊ दिले, आणि ते मला पटलं. दोन कॅनवर तो टॉवर रात्रभर चालला.

नदीकाठच्या साईटचा चौथरा २०२१ च्या पाण्याच्या वर उचलायला पाहिजे, पावसाळ्याआधी डिझेल भरून ठेवायला पाहिजे, आणि एका कंपनीचा टॉवर गेला तर तिच्या गिऱ्हाईकांना दुसरीच्या टॉवरवर घ्यायची सोय आहे ती पाणी चढायच्या आधी सुरू करायला पाहिजे. तुम्ही स्वतः पुरात कॉलपेक्षा साधा मेसेज करा. त्याला जागा कमी लागते, तो आत्ता नाही तर दहा मिनिटांनी पोचतो.

प्रश्न : आमच्या कॉलनीत अपार्टमेंटवर टॉवर येणार आहे, रेडिएशनमुळं आम्ही विरोध करतोय. बरोबर आहे ना?

काळजी वाटणं बरोबर, विरोधाचं कारण मात्र तपासा. आपल्याकडं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा आहे. अँटेना समोर फेकते, सरळ खाली फार कमी येतं, आणि अंतर दुप्पट झालं की जोर चौथाईवर येतो. उलट टॉवर लांब गेला की तुमच्या कानाला लावलेला मोबाईलच जास्त ताकद लावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ ला रेडिओ लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्या, तेपण मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाईलच्या अभ्यासांवरनं. शंका असेल तर 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर टॉवरची माहिती बघा, फी भरून मोजणी मागवता येते. इमारत जुनी असेल तर मात्र स्ट्रक्चरल रिपोर्ट मागाच, कारण स्लॅबवर येणारं वजन खरंखुरं असतं, आणि जनरेटरच्या आवाजाचंपण आधीच लिहून घ्या.

प्रश्न : जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावर फुल रेंज दिसते पण फोन लागत नाही, नेट तर नाहीच.

कांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय, तुमचं ऐकायला त्याला सवड आहे का ते नाही सांगत. लाखो माणसं एका डोंगरावर, सासनकाठ्या नाचतायत आणि त्याच वेळी सगळे व्हिडिओ पाठवतायत. यात्रेला गाडीवरचे तात्पुरते टॉवर लावता येतात, त्यानं फरक पडतो पण त्यांनापण मागं जाड फायबर लागतं. भेटायची जागा आणि वेळ पायथ्यालाच ठरवा, पोराच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, व्हिडिओ घरी येऊन पाठवा.

प्रश्न : शेतात टॉवरसाठी महिना मोठं भाडं, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा असा फोन आला. ट्रायचं पत्रपण पाठवलंय. भरू का?

एक रुपयासुद्धा भरू नका. टॉवरवाली कंपनी जागामालकाला पैसे देते, घेत नाही, आणि ट्राय असली पत्रं देत नाही. आधीच भरले असतील तर आत्ताच्या आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितके ते पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.