परदेशातून मूल दत्तक घेण्यासाठी बाग विकावी का?

देवगड तालुक्यातील एका शिक्षक वाचकांचे पत्र आले आहे. ते ४६ वर्षांचे, पत्नी ४२ वर्षांच्या. देशात दत्तकासाठी फार थांबावे लागते म्हणून परदेशातून मूल आणायचा त्यांचा विचार आहे. मध्यस्थाने अठरा लाख रुपये खर्च सांगितला असून त्यांपैकी चार लाख तो आधी रोख मागतो. त्या चार लाखांसाठी मुदत ठेव मोडावी आणि बाकी रकमेसाठी, सध्या कराराने दिलेली हापूसची बाग विकावी का, असा त्यांचा प्रश्न आहे. अशा विक्रीवर कर लागत नाही, असेही त्यांना कोणी सांगितले आहे.

सप्रेम नमस्कार.

बाग विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल घरी आणण्याचा खर्च एकदाच होतो. वाढवण्याचा खर्च मात्र दर जूनमध्ये नव्याने दारात उभा राहतो. आपण ५८ व्या वर्षी निवृत्त व्हाल, तेव्हा आज तीन वर्षांचे असलेले मूल पंधरा वर्षांचे, म्हणजे दहावीच्या उंबरठ्यावर असेल, आणि नेमक्या त्या वेळी पगाराची जागा भरून काढायला बाग कराराने दिल्याचे पैसेच हाताशी असतील. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे आपल्याला सांगणाऱ्याने खरेच सांगितले, पण अर्धे सांगितले; आपल्या नावावरची ही एकमेव शेतजमीन गेली, तर महाराष्ट्रात पुन्हा शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा कोठून आणणार? (सातबाऱ्यावर दोन चुलत्यांचीही नावे आहेत, तेव्हा विक्री आपल्या घाईने होईल असेही नाही.)

आता त्या चार लाखांविषयी. भारताने २००३ साली स्वीकारलेल्या हेग करारानुसार आंतरदेशीय दत्तकात खर्च आणि वाजवी व्यावसायिक शुल्क यांपलीकडे कोणालाही आर्थिक लाभ घेता येत नाही. भारतीय नागरिकांना बाहेरून मूल आणायचे, तर त्या देशातील प्रक्रियेसोबत आपल्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची, म्हणजे ‘कारा’ची मंजुरी लागते. ती हाती नसताना दिलेली रोख रक्कम बुडाली असे समजूनच चालावे. पुढे रीतसर पैसे पाठवायची वेळ आलीच, तर एका आर्थिक वर्षात दहा लाखांवरील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते, म्हणजे आपल्या एकट्याच्या खात्यातून अठरा लाख गेल्यास एक लाख साठ हजार रुपये विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकतील. शिवाय परदेशी पासपोर्टवर आलेल्या मुलीचे सुकन्या समृद्धी खाते तिला भारतीय नागरिकत्व मिळेपर्यंत उघडता येत नाही.

देशांतर्गत दत्तकाचा मार्ग आपण फार लवकर सोडला, असे मला वाटते. तेथे वाट पाहावी लागते हे खरेच आहे, पण ठरलेले शुल्क लाखाच्या आत राहते आणि वय नोंदणीच्या दिवशीचे धरले जाते. दोघांच्या वयांची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० आणि चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० पर्यंत चालते. आपली बेरीज आज ८८ आहे आणि ती दर वर्षी दोनने वाढते. दोन वर्षांनी ती ९२ होईल आणि मधला गट हातचा जाईल.

तेव्हा या महिन्यातच काराच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी, बाग कराराने चालू ठेवावी आणि मध्यस्थासाठी मोडायला काढलेली मुदत ठेव तशीच राहू द्यावी. दत्तक आदेश हाती आला की आपल्या मुदत विम्यात मुलाचे नाव नॉमिनी म्हणून घालून, ते सज्ञान होईपर्यंत रक्कम स्वीकारणारी व्यक्ती म्हणून पत्नीचे नाव नोंदवावे.