वाचकांचे प्रश्न : हात दगडाखाली कधी गेला?

तंत्रज्ञान कंपन्या आणि हुकूमशाही सरकारे यांच्या व्यवहाराविषयी वाचकांकडून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मोठ्या कंपन्या मानवी हक्क, खासगीपणा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांची जाहीर वचने देतात आणि हुकूमशाही देशांत मात्र सरकार म्हणेल ते मुकाट्याने करतात. मग ही वचने म्हणजे निव्वळ ढोंग समजायचे का?

काही ठिकाणी ते ढोंग असतेच. पण तेवढे म्हणून थांबलो तर खरे कारण हाती लागत नाही. सरकारी हुकूम कंपनीच्या दारात येतो तेव्हा वचन मोडताना आपल्याला दिसते, आणि आपण त्या क्षणाचा न्याय करू लागतो. प्रत्यक्षात सर्व्हर कोठे ठेवायचे, ग्राहकाची कोणकोणती माहिती साठवायची, कार्यालय कोठे उघडायचे, माल कोणाच्या भूमीवर तयार करून घ्यायचा, या रुक्ष वाटणाऱ्या बैठकांमध्ये त्या वचनाचे भवितव्य कितीतरी आधी ठरून गेलेले असते. हात दगडाखाली गेल्यावर तत्त्वाची भाषा बोलता येते, पण हात काढून घेता येत नाही.

शी ताओ या चिनी पत्रकाराचे प्रकरण मला या दृष्टीने आजही सर्वांत बोलके वाटते. ते चांग्शा शहरातल्या एका वृत्तपत्रात काम करीत होते. तिआनमेन चौकातील हत्याकांडाला जून २००४ मध्ये १५ वर्षे पूर्ण होणार होती आणि त्या काळात वृत्तपत्रांनी काय काळजी घ्यावी याची सरकारी सूचना एप्रिलमधल्या संपादकीय बैठकीत सांगण्यात आली. शी ताओ यांनी टिपणे काढली आणि २० एप्रिलच्या रात्री आपल्या याहूच्या ई-मेल खात्यातून ती न्यूयॉर्कहून चालणाऱ्या एका लोकशाहीवादी संकेतस्थळाकडे पाठवली. पाठवणाऱ्याचे नाव म्हणून त्यांनी फक्त '१९८९६४' हा आकडा लिहिला होता, म्हणजे हत्याकांडाची तारीख. नंतरच्या निकालपत्रात याहूने पुरवलेला पुरावा नोंदलेला आहे : रात्री साडेअकरा वाजून गेल्यावरची, सेकंदापर्यंत अचूक वेळ, संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा ओळखक्रमांक, आणि तो पत्ता वृत्तपत्राच्या कार्यालयातल्या ज्या दूरध्वनी जोडणीचा होता तिचा तपशील. एप्रिल २००५ मध्ये त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली. देशाची गुपिते परदेशी पुरवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला होता.

६ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे याहूचे सहसंस्थापक जेरी यांग यांना बोलावण्यात आले. मागे बसलेल्या शी ताओ यांच्या आईपुढे ते वाकले. समितीचे अध्यक्ष टॉम लँटोस यांनी त्यांना सुनावले की, तुम्ही तंत्रज्ञानात आणि पैशांत महाकाय असलात तरी नीतीच्या बाबतीत खुजे आहात. हे शब्द पुष्कळांच्या लक्षात राहिले. माझ्या लक्षात राहिली ती कंपनीची बाजू : स्थानिक कायद्यानुसार आलेली मागणी नाकारण्याची सोय आमच्या चीनमधल्या कर्मचाऱ्यांना नव्हती, नाकारली असती तर त्यांच्यावरच कारवाई झाली असती. हे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक गंभीर आहे. ग्राहकांच्या पत्रव्यवहाराच्या नोंदी त्या सरकारच्या हाताशी ठेवायच्या आणि त्या सांभाळणारी माणसेही त्याच सरकारच्या तावडीत ठेवायची, ही व्यवस्था ज्या दिवशी मान्य झाली, त्याच दिवशी कोणी तरी शी ताओ तुरुंगात जाणार हे ठरून गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये, शिक्षा संपायला सव्वा वर्ष उरले असताना, त्यांची सुटका झाली.

गूगलने यावरून धडा घेतला होता, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे. जानेवारी २००६ मध्ये तिने चीनमध्ये निर्बंध पाळणारे शोधयंत्र सुरू केले, पण जीमेल आणि ब्लॉगर या सेवा तेथे मुद्दाम सुरू केल्या नाहीत, कारण लोकांची खासगी माहिती चीनच्या हद्दीत ठेवायची नव्हती. शोधाचे निकाल गाळणे ही तडजोड वाईटच होती. तरी चार वर्षांनी बाहेर पडताना गूगलला मागे कोणाची पत्रे सोडून जावी लागली नाहीत.

प्रश्न : एखादी कंपनी बाहेर पडली तर तिची जागा दुसरी, अधिक निर्ढावलेली कंपनी घेते. त्यापेक्षा आत राहून जमेल तेवढे भले करणे योग्य नाही का?

हा युक्तिवाद मी हलक्याने घेत नाही, कारण बाहेर पडण्याची किंमतही बहुतेक वेळा सामान्य ग्राहकच मोजतो. नॉर्वेच्या टेलिनॉरचे उदाहरण पाहावे. ही कंपनी २०१४ पासून म्यानमारमध्ये मोबाइल सेवा देत होती आणि तिच्यावर लोकांचा विश्वास होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि दूरसंचार कंपन्यांनी संभाषणे टिपणारी यंत्रणा सुरू करावी यासाठी दबाव आणला. टेलिनॉरने ते नाकारले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, तेथील सारा व्यवसाय १० कोटी ५० लाख डॉलरला लेबनॉनच्या एका गटाला विकत असल्याचे जाहीर केले. मार्च २०२२ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि बहुसंख्य मालकी अखेर एका स्थानिक कंपनीकडे गेली. कंपनीचे हात स्वच्छ राहिले, पण सुमारे १ कोटी ८० लाख ग्राहकांच्या नोंदी नव्या मालकाकडे गेल्या. कोणी कोणाला केव्हा फोन केला, हे लष्कराच्या हाती पडू नये म्हणून विक्री थांबवा, अशी विनवणी तिथले कार्यकर्ते महिनोन्‌महिने करीत होते. टेलिनॉरने राहायला हवे होते असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणेन की बाहेर पडण्याची वाट आत शिरतानाच आखून ठेवावी लागते, आणि ज्या नोंदी साठवल्याच नाहीत त्या कोणाच्याही हाती लागत नाहीत.

आत राहून भले करण्याचा दावा करणाऱ्या कंपनीला एकच गोष्ट विचारावी : कोणती मागणी आली तर तुम्ही नाही म्हणाल, आणि ते आज लिहून द्याल का? ज्या कंपनीला अशी रेषा आखता येत नाही, तिची भल्याची भाषा हळूहळू केवळ बाजारपेठ टिकवण्याची भाषा होते. नोकरी-व्यवसायातले संपर्क जोडून देणारी लिंक्डइन २०१४ मध्ये निर्बंध मान्य करून चीनमध्ये गेली. पुढे पत्रकारांची आणि संशोधकांची पाने तेथील वापरकर्त्यांना दिसेनाशी होऊ लागली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने ती सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले. सात वर्षांत निर्बंध वाढतच गेले.

याउलट तुर्कस्तानने २९ एप्रिल २०१७ रोजी विकिपीडिया बंद केला. सीरियातील युद्धाशी तुर्कस्तानचा संबंध जोडणारा मजकूर काढावा, ही सरकारची अट होती. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने तो काढला नाही आणि न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली आणि १५ जानेवारी २०२० रोजी विकिपीडिया पुन्हा खुला झाला. जवळजवळ तीन वर्षे लोक ज्ञानकोशाला मुकले, हे नुकसान लहान नाही. पण विकिपीडियाला जाहिरातींचे उत्पन्न गमवायचे नव्हते, म्हणून ही ताणाताणी तिला झेपली.

प्रश्न : कंपनीने ज्या देशात व्यवसाय करायचा त्या देशाचा कायदा पाळायचा नाही, तर काय करायचे? कायदा मोडणारी कंपनी आपल्याला चालेल का?

चालणार नाही, आणि कंपन्यांनी मनाला येईल तो कायदा मोडावा असे कोणी म्हणत नाही. मात्र कायदा पाळतानाही आधी केलेल्या रचनेप्रमाणे परिणाम बदलतो, आणि एकाच कंपनीच्या दोन गोष्टींवरून ते दिसते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयला सॅन बर्नार्डिनो येथील हल्लेखोराचा आयफोन उघडून हवा होता. अ‍ॅपलने नकार दिला आणि मार्चमध्ये सरकारने अर्ज मागे घेतला. हा नकार शक्य झाला, कारण २०१४ पासून फोनची घडणच अशी होती की मालकाच्या संकेतांकाशिवाय तो अ‍ॅपललाही उघडता येत नव्हता. सरकारला कंपनीकडून नवे सॉफ्टवेअर लिहून घ्यावे लागणार होते. शिवाय तेथे न्यायाधीश होते, वृत्तपत्रे होती, आणि नकार दिल्याबद्दल कोणाला अटक होणार नव्हती.

दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०१८ अखेर, चिनी ग्राहकांची आयक्लाउड या अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवण सेवेवरची माहिती ग्वेइझोउ प्रांताच्या सरकारी मालकीच्या कंपनीमार्फत चालणाऱ्या केंद्रांत गेली. २०१७ च्या सायबर सुरक्षा कायद्याने तशी सक्ती केली होती. माहितीबरोबर ती उघडणाऱ्या सांकेतिक किल्ल्याही चीनमध्ये गेल्या, आणि ही बाब मला स्थलांतरापेक्षा मोठी वाटते. पेटी कोणाच्या घरात आहे याला महत्त्व आहेच, पण किल्ली दुसऱ्या देशात असेपर्यंत मागणी करणाऱ्याला निदान त्या देशाच्या न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. अ‍ॅपलला नकार का देता आला नाही? तिची बहुतेक उपकरणे चीनमध्ये जुळवली जात होती आणि उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच प्रदेशातून येत होता. मूल्ये तीच होती, माणसेही बरीचशी तीच होती. पण येथे हात दगडाखाली होता.

सरकारांनाही हे पुरते कळते. जुलै २०२१ मध्ये रशियाने मोठ्या परदेशी इंटरनेट कंपन्यांना देशात अधिकृत कार्यालय उघडण्याची सक्ती करणारा कायदा केला. लगेच सप्टेंबरमध्ये, संसदेच्या मतदानाच्या पहिल्याच दिवशी, विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या समर्थकांचे मतदान-मार्गदर्शक अ‍ॅप अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनीही आपल्या दुकानांतून काढून टाकले. रशियातील कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याच्या धमक्या आल्या होत्या, अशी वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली. आपल्या सहकाऱ्याला तुरुंगात धाडून तत्त्व पाळावे, असे मी कोणालाही सांगू शकणार नाही. माणसे ओलीस राहतील अशा जागी ती ठेवू नयेत, हे मात्र आधी सांगता येते.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. एकट्या कर्मचाऱ्याने बोलून काही फरक पडतो का?

पडतो, मात्र वेळ लागतो आणि किंमत मोजावी लागते. १९७० मध्ये पोलरॉइड कंपनीतील केन विल्यम्स आणि कॅरोलाइन हंटर या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना कार्यालयात एका ओळखपत्राचा नमुना लावलेला दिसला. त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचे नाव होते. झटपट छायाचित्र काढणाऱ्या आपल्या कंपनीच्या यंत्रणेचा उपयोग वर्णभेदी राजवटीच्या पासांसाठी होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. कृष्णवर्णीयांना हा पास सतत जवळ बाळगावा लागे आणि तो नसेल तर अटक होई. दोघांनी पत्रके काढली, निदर्शने केली, बहिष्काराची हाक दिली. हंटर यांची नोकरी गेली.

कंपनीने सरकारला थेट विक्री थांबवण्याचे आणि तेथील कृष्णवर्णीय कामगारांची स्थिती सुधारण्याचे वचन दिले. १९७७ मध्ये उघडकीस आले की तिचा तिथला वितरक सरकारला गुपचूप माल पुरवीत होता आणि बिल मात्र एका औषधाच्या दुकानाच्या नावावर फाडत होता. हे उघड झाले ते वितरकाकडच्याच एका कामगाराने कागदाची प्रत काढून ठेवल्यामुळे. त्यानंतर पोलरॉइड दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली. म्हणून माझा सल्ला असा की कंपनीच्या वचनाइतकेच वितरक, मध्यस्थ आणि बिले यांच्याकडे लक्ष ठेवावे. आपल्या काळातही, चीनसाठी पुन्हा निर्बंधयुक्त शोधयंत्र बनवण्याचा गूगलचा गुप्त प्रकल्प २०१८ मध्ये बाहेर आला तेव्हा सुमारे १,४०० कर्मचाऱ्यांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या, आणि २०१९ मध्ये तो प्रकल्प सोडून दिल्याचे कंपनीला अमेरिकेच्या सिनेटसमोर सांगावे लागले.

प्रश्न : कंपन्यांनी स्वतःहून स्वीकारलेल्या आचारसंहितांना काही अर्थ आहे का?

मर्यादित आहे. याहू, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मानवी हक्क संघटनांसह २००८ मध्ये ग्लोबल नेटवर्क इनिशिएटिव्ह स्थापन केले. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने व्यवसाय आणि मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. यांमुळे प्रश्न विचारायला भाषा मिळाली आणि काही कंपन्यांत नव्या बाजारपेठेत शिरण्यापूर्वी धोक्याचा अभ्यास होऊ लागला. पण स्वतः घातलेले बंधन स्वतःला सोडवताही येते. शस्त्रे आणि आंतरराष्ट्रीय संकेत मोडणारी पाळत यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणार नाही, असे गूगलने २०१८ मध्ये लिहून ठेवले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते कलम तिने काढून टाकले.

प्रश्न : सामान्य वापरकर्त्याने एखाद्या कंपनीची पारख करताना नेमके काय पाहावे?

मूल्यांचे पान शेवटी वाचावे. आधी पाहावे की संदेशांची आणि साठवलेल्या माहितीची किल्ली कोणाकडे आहे, तुमच्याकडे की कंपनीकडे. नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात. आणि कोणत्या देशाच्या सरकारने किती मागण्या केल्या व त्यांतील किती मान्य झाल्या, याचा अहवाल कंपनी प्रसिद्ध करते का. त्याबरोबरच वेगवेगळ्या देशांत एकच वस्तू वेगळी वागते का, याकडे लक्ष असू द्यावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅपलने चीनमध्ये विकलेल्या आयफोनवर एक बदल केला. जवळच्या कोणाकडूनही एअरड्रॉपने फाइल घेण्याची सोय यापुढे एका वेळी फक्त १० मिनिटे चालू राहणार होती. या सोयीचा वापर करून तेथील आंदोलकांनी अनोळखी लोकांच्या फोनवर सरकारविरोधी पत्रके पोहोचवली होती. पुढे हाच बदल सर्व देशांत लागू झाला आणि नको असलेल्या फाइली टाळण्यासाठी तो उपयुक्तही आहे; पण चीनमध्ये तो सर्वांत आधी का आला, हे सांगितले गेले नाही. त्या अद्ययावतीकरणाबरोबर आलेल्या टिपणात एवढेच लिहिले होते की यात दोषदुरुस्त्या आणि सुरक्षाविषयक सुधारणा आहेत.