चाळिशीत पुन्हा प्लास्टिकची मॉडेल किट्स जोडायला घ्यावीत का? सुरुवात कशी करू?

जरूर घ्या. फक्त पहिलंच किट मोठं आणि महागडं आणू नका. १:७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान उत्तम. जोडून झाल्यावर लांबीला जेमतेम १३ सेंटिमीटर भरतं.

लहानपणचा ट्यूबमधला घट्ट गोंद विसरा. आता ब्रशने लावायचं पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा द्रव, मिळतं. दोन भाग जुळवून धरायचे, फटीला ब्रश टेकवायचा. द्रव आपोआप आत ओढला जातो, प्लास्टिक किंचित विरघळतं आणि सांधा एकजीव होतो. मला या छंदाकडे परत खेचलं ते या क्षणानेच! खिडकी मात्र उघडी ठेवा. पारदर्शक कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या झाकणाला, हे सिमेंट लावू नका, डाग पडतात. तिथे फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद बरा. रंगवण्याआधी भाग साबणाच्या पाण्याने धुवा. आणि जवळचा चष्मा हाताशी असू द्या.