सागरी भूपट्ट, म्हणजे समुद्रतळाचा पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्या भूपट्टाखाली जाताना वितळतो म्हणून ज्वालामुखी होतो का? आपला ठाण्याजवळचा पारसिकचा डोंगरही तसाच तयार झाला का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’. मी ऐरोलीत राहतो, शाळेत भूगोल शिकवतो. सुरुवातीची काही वर्षं मीही फळ्यावर हेच काढायचो: खाली घसरणारा भूपट्ट, त्याचं टोक लाल खडूने रंगवलेलं आणि तिथून सरळ वर ज्वालामुखी. त्या आकृतीत टोकाचा लाल रंग चुकीचा होता.

खाली जाणारा भूपट्ट थंड असतो. कोट्यवधी वर्षं समुद्रतळाशी निवत राहिल्यामुळेच तो जड होतो आणि बुडतो. वेग वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे साधारण नखं वाढतात तेवढा. १०० किमी खोल जायला लाखो वर्षं लागतात, तरी तो आतून पुरता तापत नाही, कारण खडकातून उष्णता फार हळू सरकते. बहुतेक ठिकाणी तो न वितळताच आणखी खाली जातो.

वितळतं ते त्याच्या वरचं प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड खडकाचा थर. ते हजार-बाराशे अंशांच्या पुढे तापलेलंच असतं, पण प्रचंड दाबामुळे घन राहतं. तिथे हा भूपट्ट पाणी पोहोचवतो. हे पाणी वाहतं नव्हे. समुद्रतळाच्या खडकांतल्या खनिजांच्या रचनेतच ते बांधलेलं असतं. साधारण १०० किमी खोलीच्या आसपास दाब आणि उष्णतेने ही खनिजं मोडतात, पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. ओला खडक कोरड्यापेक्षा शेकडो अंश कमी तापमानाला वितळू लागतो.

मुलांना मी पॉट आइस्क्रीमची आठवण करून देतो. मे महिन्यात पॉट फिरवताना बर्फात खडेमीठ टाकतात ना? मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळायला लागतो, खालून कुणी जाळ केलेला नसताना. तिथे जे मीठ करतं, ते इथे पाणी करतं. हे एकदा पटलं की ज्वालामुखी सागरी गर्तेच्या (भूपट्ट जिथे खाली वळतो त्या समुद्रतळाच्या खोल घळीच्या) काठावरच का नसतात, शे-दोनशे किमी आत रांगेने का उभे असतात, हेही आपोआप कळतं. भूपट्ट तेवढा खोल पोहोचेपर्यंत आडवाही बराच पुढे गेलेला असतो.

हेच पाणी पुढे शिलारसासोबत, म्हणजे वितळलेल्या खडकासोबत, वर येतं. वाटेत सिलिका (वाळूत असतं ते द्रव्य) वाढून शिलारस चिकट होतो, पृष्ठभागाजवळ दाब उतरला की त्यातलं पाणी वाफ होऊन फुगतं, पण चिकटपणामुळे सहज सुटू शकत नाही. म्हणून १८८३ साली क्राकाटोआ आणि १९९१ साली पिनाटुबो असे भयंकर फुटले.

आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे अंदमानातलं बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किमीवर. तिथे खाली जातो तो भारतीय भूपट्टच, म्हणजे ठाणं ज्याच्यावर वसलंय त्याचीच पूर्वेची सागरी कड. दीड शतकाहून जास्त काळ शांत राहून हा ज्वालामुखी १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. हिमालयात मात्र आता दोन्ही बाजूंना खंडच आहेत. खंडाचं कवच हलकं, ते सागरी तळासारखं बुडत नाही, म्हणून तिथे अशी ज्वालामुखींची रांग नाही.

आता पारसिक. तो दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथे कुठलाही भूपट्ट खाली जात नव्हता. खोलातून वर चढणारं तप्त प्रावरण दाब कमी झाल्यामुळे वितळलं आणि पातळ लाव्हा भेगांमधून बाहेर येऊन थरावर थर पसरत गेला. डोंगराच्या जुन्या खदानींजवळचा दगड कधी निरखून पाहा. काही दगडांत लहान गोल पोकळ्या दिसतात, ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतील तर ते बहुधा झिओलाइट, लाव्हा थिजल्यावर खडकातून झिरपलेल्या पाण्याने तिथे जमवलेले.